गवत किती आणि कसे पसरलेले?

दिवाळीच्या सुमारास औंढा नागनाथच्या आसपासच्या डोंगरांवर गेलात, तर कुसळी गवताची कुसळे कपड्यांत रुततात. दुरून सारा उतार गवताने झाकलेला भासतो. जवळ गेल्यावर मात्र ठोंबांच्या मधला उघडा मुरूम दिसतो. अशा चराऊ रानात गवत किती आहे एवढे मोजून भागत नाही. ते कसे पसरले आहे हेही मोजावे लागते.

समजा, दोन उतारांवर प्रत्येकी १० ठिकाणी १ मीटर बाजूची चौरस चौकट ठेवून आपण ठोंब मोजले :

पहिला उतार : ४, ४, ४, ५, ३, ४, ४, ४, ३, ५
दुसरा उतार : ०, ०, १२, ०, ०, १४, ०, १, १३, ०

दोन्हीकडे सरासरी ४ च! मग फरक कसा पकडायचा? प्रत्येक संख्येतून ४ वजा करा, येणाऱ्या फरकांचे वर्ग करा, त्यांची बेरीज करून ९ ने (चौकटींच्या संख्येपेक्षा एक कमी) भागा. यालाच 'प्रचरण' म्हणतात. पहिल्या उताराचे प्रचरण ०.४४, तर दुसऱ्याचे ३८.९ येते. त्याला सरासरीने भागले की ०.११ आणि ९.७ ही गुणोत्तरे मिळतात.

ठोंब निव्वळ योगायोगाने विखुरले असतील, तर हे गुणोत्तर १ च्या आसपास येते. हा नियम फ्रेंच गणिती प्वासाँ (१७८१-१८४०) याच्या गणितातून निघतो. किरणोत्सारी पदार्थातून ठराविक वेळात बाहेर पडणाऱ्या कणांच्या संख्येलाही तोच लागू पडतो. गुणोत्तर १ पेक्षा बरेच कमी असेल, तर विखुरण एकसारखे असते. शेजारच्या मुळांत पाण्यासाठी चाललेली स्पर्धा हे त्याचे एक कारण. बरेच जास्त असेल, तर झाडे पुंजक्यांनी वाढलेली असतात : बी आईजवळच पडते किंवा ओल खडकाच्या भेगांतच टिकते. मात्र १० चौकटींत ०.३ ते २.१ पर्यंतचे गुणोत्तर योगायोगानेही येऊ शकते, म्हणून निष्कर्षाची घाई नको.

दुसऱ्या उतारावर पावसाचे पाणी उघड्या पट्ट्यांतून अडथळ्याविना धावते आणि माती घेऊन जाते. सरासरी हे सांगत नाही.

तुमच्या गावच्या गायरानात हा प्रयोग करा. काठ्या आणि सुतळीची चौकट पुरे. जागा मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर पाय आपोआप हिरव्या गवताकडेच वळतील. मग चौकट २ मीटर बाजूची करून पुन्हा मोजा. गुणोत्तर बदलले, तर का बदलले याचा विचार करा.