आपली चूक आपणच सुधारणारी मोटार

शिलाई कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या मायबहिणींना एक बदल चांगलाच ठाऊक असेल. पूर्वी मशीनच्या टेबलाखाली एक जाडजूड, वजनदार मोटार असायची. सकाळी बटण दाबले की ती घूं घूं करीत सुरू व्हायची, ती थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सुई चालो वा थांबो, मोटार फिरतच राहायची. पायाने पेडल दाबले की क्लच लागायचा आणि मशीन पळायचे. तिला 'क्लच मोटार' म्हणत. अलीकडे पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी लहानशी, हलकी मोटार आली आहे. पाय दाबला तरच ती फिरते, पाय उचलला की एकदम गप्प. तिच्या सोबत एक छोटी पेटी असते आणि त्या पेटीवर आकडे दिसतात. हीच 'सर्व्हो मोटार'.

कधी कधी त्या पेटीवर नेहमीच्या आकड्यांऐवजी भलतेच काहीतरी उमटते आणि मशीन बंद पडते. मग दुरुस्तीवाला येईपर्यंत हात बांधून बसावे लागते. पीस रेटवर काम करणाऱ्या बाईचा तास बुडाला म्हणजे तासाची मजुरी बुडाली. ज्या यंत्रावर आपली भाकरी अवलंबून आहे, त्याच्या पोटात काय चालते हे आपल्याला का कळू नये? ते कळायला फार मोठी पदवी लागत नाही. ही सर्व्हो मोटार म्हणजे काय, तिचे प्रकार किती आणि ती कोठे कोठे वापरतात, ते आज पाहू.

साधी मोटार आणि सर्व्हो मोटार

आपल्या घरातला पंखा घ्या. त्यात मोटार आहे. बटण दाबले की ती फिरते. विजेचा दाब कमी झाला की पंखा हळू होतो. पण आपण हळू झालो आहोत हे पंख्याला कळत नाही. त्याला 'अर्धाच फेरा फिर आणि थांब' असे सांगता येत नाही. साधी मोटार ताकदवान असते, पण आंधळी असते.

आता हंड्यातून पेल्यात पाणी ओतणारा माणूस पाहा. त्याचा हात ओततो आणि डोळा पेल्याकडे असतो. पेला भरत आला की डोळा मनाला सांगतो, मन हाताला सांगते आणि हात थांबतो. तेच काम डोळे मिटून करा. एक तर पेला अर्धा राहील, नाहीतर पाणी जमिनीवर सांडेल.

सर्व्हो मोटार म्हणजे डोळे उघडे ठेवून काम करणारी मोटार. तिच्यात तीन अवयव असतात. पहिला हात, म्हणजे प्रत्यक्ष फिरणारी मोटार. दुसरा डोळा, म्हणजे मोटार किती फिरली हे मोजणारा सेन्सर. तिसरा मेंदू, म्हणजे कंट्रोल बोर्ड. मोठ्या यंत्रात त्याला 'ड्राइव्ह' म्हणतात. 'कोठे जायचे' हा हुकूम आणि 'आता कोठे आहे' ही डोळ्याची खबर, या दोहोंची मेंदू तुलना करतो. दोहोंत जो फरक निघतो तीच चूक. चूक मोठी असली तर मोटारीला जोर देतो, लहान असली तर बेताने फिरवतो, चूक उरली नाही की थांबवतो. थांबल्यावरही नजर चालूच असते. कोणी धक्का देऊन जागेवरून हलवले तर ती पुन्हा आपल्या जागी येते. डोळ्याकडून परत येणाऱ्या या खबरीला 'फीडबॅक' म्हणतात. हा एक शब्द समजला की सर्व्होचे निम्मे शास्त्र समजले.

हे नाव कोठून आले?

लॅटिन भाषेत 'सर्वस' म्हणजे गुलाम, ताबेदार. १९व्या शतकात वाफेची जहाजे मोठी होत गेली. त्यांचे सुकाणू हाताने फिरवणे फार कष्टाचे झाले. वादळात एका चाकाला अनेक खलाशी लटकत असत. तेव्हा हे काम वाफेच्या इंजिनाकडे द्यावे असे ठरले. पण नुसते इंजिन सुकाणू फिरवत सुटले तर जहाज भलतीकडेच जायचे! १८६६ साली इंग्लंडच्या 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजावर जॉन मॅक्‌फार्लेन ग्रे यांचे वाफेचे सुकाणू-यंत्र बसवण्यात आले. खलाशाने छोटे चाक जेवढे फिरवले तेवढेच सुकाणू वळे आणि तेथे पोहोचताच वाफ आपोआप बंद होई. फ्रान्समधील अभियंता लेऑन फार्को यांनीही याच तत्त्वावर यंत्रे केली आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. 'सर्व्हो-मोटार' हे नाव त्यांनी दिलेले आहे.

म्हणजे पहिली सर्व्हो विजेची नव्हतीच, वाफेची होती. ज्या कामात माणसाला गुलामासारखे राबावे लागे, ते काम यंत्राकडे गेले आणि 'गुलाम' हे नावही यंत्राकडे गेले. ते तिकडेच शोभते.

दीडशे रुपयांची शाळा

सर्व्हो पाहायची असेल तर कारखान्यातच जायला हवे असे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काडेपेटीपेक्षाही लहान अशी निळी सर्व्हो साधारण शंभर-दीडशे रुपयांत मिळते. वजन सुमारे ९ ग्रॅम. शाळेतली मुले विज्ञान प्रदर्शनासाठी हीच वापरतात.

तिच्या पोटात चार गोष्टी असतात: एक इवलीशी मोटार, वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चक्रे, एक छोटा बोर्ड आणि एक पोटेन्शिओमीटर. या शेवटच्या नावाला भिऊ नका. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला जे गोल बटण फिरवत, त्यामागे हाच भाग असे. येथे तो डोळ्याचे काम करतो. दांडा जसा फिरतो तसा त्याचा विजेचा दाब बदलतो आणि बोर्डाला दांड्याची जागा कळते.

तिला तीन तारा असतात. लाल तारेतून वीज येते, तपकिरी किंवा काळी तार परतीची, आणि नारिंगी, पिवळी वा पांढरी तार हुकमाची. हुकूम म्हणजे विजेचे छोटे छोटे ठोके. दर सेकंदाला ५० ठोके येतात आणि ठोका किती लांब आहे यावर जागा ठरते. सेकंदाचा हजारावा भाग एवढा ठोका असला तर दांडा एका टोकाकडे, त्याच्या दुप्पट असला तर दुसऱ्या टोकाकडे आणि दीडपट असला तर बरोबर मध्ये. ही छोटी सर्व्हो साधारण अर्धा फेरा, म्हणजे १८० अंशांपर्यंतच फिरते.

सर्व्होचे प्रकार

वरच्यासारखी ठरावीक कोनातच फिरणारी, तो पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात दांडा कितीही फेरे फिरतो. तिसरी 'लिनिअर' सर्व्हो. ती गोल न फिरता सरळ पुढे-मागे सरकते.

विजेवरूनही दोन प्रकार पडतात: डी.सी. आणि ए.सी. जुन्या डी.सी. सर्व्होत कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात व बदलावे लागतात. आजच्या कारखान्यांत बहुतेक ए.सी. सर्व्हो दिसतात. त्यांच्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर, कायमचे चुंबक बसवलेले असते आणि बाहेरच्या वाइंडिंगमध्ये ड्राइव्हकडून वीज येते. ब्रश नाहीत, म्हणून ते झिजण्याचा प्रश्नही नाही.

या मोटारीच्या पाठीमागे 'एन्कोडर' हा डोळा असतो. पुष्कळ एन्कोडरमध्ये बारीक रेघा आखलेली एक चकती असते. चकती फिरली की प्रकाशाचा किरण रेघांमधून लुकलुकतो आणि ते लुकलुकणे मोजले जाते. समजा, चकतीवर २,५०० रेघा आहेत. प्रत्येक रेघेमागे चार खुणा धरल्या तर एका फेऱ्यात १०,००० खुणा होतात. त्या मोटारीच्या एका फेऱ्याने लेथचा भाग १० मिलिमीटर सरकत असेल, तर एका खुणेला तो किती सरकला? मिलिमीटरचा हजारावा भाग! आपल्या डोक्याचा केस याच्या पन्नास-शंभर पट जाड असतो.

स्टेपर मोटार नावाची एक चुलत बहीणही आहे. ती मोजून पावले टाकते. साधारणपणे २०० पावलांत एक फेरा. ती स्वस्त असते. पण नेहमीच्या स्टेपरला डोळा नसतो. ओझे जास्त झाले आणि एखादे पाऊल चुकले तर तिला पत्ताच लागत नाही. पुढचे सगळे काम चुकत जाते.

डोळा आहे म्हणून सगळे भागते असेही नाही. नवीन सायकल शिकणारे पोर पाहा. तोल डावीकडे गेला की हँडल जोरात उजवीकडे, मग घाबरून पुन्हा डावीकडे. चूक दिसते आहे, पण दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते आहे. सर्व्होचेही असेच होते. दुरुस्तीचा जोर फार ठेवला तर मोटार थरथरते, फार कमी ठेवला तर सुस्त होते. हा जोर नेमका बसवणे याला 'ट्यूनिंग' म्हणतात आणि ते जाणणारा कारागीर कारखान्याला हवाच असतो.

कोठे कोठे वापरतात?

सी.एन.सी. लेथ आणि मिलिंग मशीन ही सर्व्होची मोठी घरे. चाकण, पिंपरी-चिंचवडच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंग करणारे रोबोचे हात पाहा; त्यांच्या सांध्या-सांध्यांत सर्व्हो असते. बिस्किटाचे पुडे बांधणारी यंत्रे, छापखाने, बिनधोट्याचे आधुनिक माग यांतही ती आहे. मागावर सुताचा ताण सारखा राहावा म्हणून बीमवरचे सूत बेताबेताने सोडण्याचे काम ती करते.

दवाखान्यात वा झेरॉक्सच्या दुकानात 'सर्व्हो स्टॅबिलायझर' असतो. त्यात एक छोटी मोटार कार्बनचा ब्रश तारेच्या गुंडाळीवर पुढे-मागे सरकवते आणि बाहेर जाणारा विजेचा दाब जागेवर आणते. पेट्रोल पंपावर 'सर्व्हो' नावाचे तेल मिळते, ते मात्र इंजिनचे वंगण आहे. त्याचा या मोटारीशी संबंध नाही.

पुन्हा आपल्या मशीनकडे

आता शिलाई मशीनची पेटी परकी वाटणार नाही. पेडलजवळचा सेन्सर पाय किती दाबला ते सांगतो; हा हुकूम. मोटारीतला सेन्सर वेग सांगतो, हा डोळा. पुष्कळ मशीनवर हातचाकाजवळ आणखी एक सेन्सर असतो. तो सुई वर आहे की खाली ते सांगतो, म्हणून मशीन दर वेळी सुई हव्या त्या जागीच थांबवते. कोपरा वळवताना सुई कापडातच राहते. नव्याने शिकणाऱ्या मुलीसाठी जास्तीत जास्त वेगावर मर्यादा घालता येते. कापड जुळवताना, गठ्ठा उचलताना मोटार फिरत नाही. त्यामुळे वीज वाचते, उष्णता आणि आवाजही कमी होतो.

मशीन अडले तर लगेच 'मोटार जळली' असे समजू नका. पेटीवर काय उमटले ते प्रथम वहीत लिहून ठेवा. वीज बंद करून हातचाक हाताने फिरवून पाहा. जड जात असेल तर धागा अडकला असेल. सुई भलत्याच जागी थांबत असेल तर हातचाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची तार ढिली झाली असण्याचा संभव आहे. हात बरा असतो, डोळ्याची तार तुटलेली असते, असे पुष्कळदा घडते. दुरुस्तीवाल्याला एवढे नेमके सांगितले तरी त्याचा आणि आपला वेळ वाचतो.

मात्र पेटी स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ जीवघेणा दाब शिल्लक राहतो. किती मिनिटे थांबायचे ते ड्राइव्हवर लिहिलेले असते. कारखान्यातील तरुणांनीही ध्यानात ठेवावे: सर्व्होच्या दांड्यावर हातोडा मारू नये, मागचा एन्कोडर त्या धक्क्याने फुटतो. आणि थांबलेले यंत्र म्हणजे बंद यंत्र नव्हे. हुकूम येताच ते क्षणात धावते. वीज तोडल्याशिवाय आत हात घालू नका.

सर्व्हो आली तेथे काही हातांचे काम गेले, हे खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण ती बसवायला, ट्यून करायला, दुरुस्त करायला हात लागतातच आणि ते हात आपल्या मुलामुलींचे का नसावेत? आय.टी.आय.मधील इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मशिनिस्ट हे ट्रेड त्या वाटेवरचेच आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत सी.एन.सी.चे शिक्षण मिळते. दहावीनंतर काय, असा प्रश्न घरात निघेल तेव्हा मुलांबरोबर मुलींचेही नाव या यादीत धरा. मशीन चालवणाऱ्या आईच्या मुलीने ते मशीन उघडून दुरुस्त करावे, यात अवघड असे काही नाही.

पुढच्या सुट्टीत ती निळी सर्व्हो घरी आणा. लेकराला दांडा हळूच ढकलायला सांगा. वीज आणि हुकूम चालू असताना तो ढकलणाऱ्या बोटाला विरोध करतो आणि बोट काढताच आपल्या जागी परततो. ते पाहून लेकरू विचारील, 'याला कसे कळले?' उत्तर आता तुमच्यापाशी आहे.