मुंबईची कोठीची खोली

मानकोली नाक्यावरून आत वळलं की पत्र्याची छपरं सुरू होतात, ती संपायचं नाव घेत नाहीत. कंपाउंडमागून कंपाउंड, त्यात गाळ्यांच्या ओळी. वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी ही गावं एकेकाळी भातशेतीची. आता इथे साबण, टायर, औषधं, मोबाइल, चपला असं सगळं पिकतं. जुन्या घरांत कोठीची खोली असायची. मुंबईने ती घराबाहेर, खाडीपलीकडे, भिवंडी तालुक्यात टाकली आहे.

टाकली म्हणण्यापेक्षा ती तिथे जाऊन पडली म्हणणं बरोबर. कारण जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की मुलुंड, दहिसर, वाशीच्या नाक्यांवर पैसे मोजावे लागत, मग त्यातला अर्धा पुढे नाशिकला जाणार असला तरी. परताव्यासाठी खेटे घालण्यापेक्षा माल हद्दीबाहेर ठेवणं व्यापाऱ्याला स्वस्त पडे. भिवंडीलगतच्या गावांत ग्रामपंचायती होत्या, जकात नव्हती. आग्रा रोड दारातून जाणारा, घोडबंदरमार्गे गुजरातची वाट, मुंब्र्याकडून न्हावा-शेव्याच्या बंदराची. आगरी शेतकऱ्यांनी खाचरं बुजवून गाळे बांधले आणि भाड्याने दिले. भातापेक्षा भाडं बरं, हा हिशेब कोणालाही कळतो.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं शहरात परत येतील असं वाटण्याजोगी ती वेळ होती. पण यायचं कुठे? मुंबईतल्या जमिनीचा भाव गोदामाला परवडणारा नाही. उलट राज्याराज्यांत करापुरते ठेवलेले छोटे डेपो बंद करून कंपन्यांनी मोठी कोठारं घेतली आणि गोदामांचा पट्टा पडघा गावाकडे लांबत गेला. जुना गाळा ठेंगणा, त्यापुढे ट्रक वळवताना क्लीनरचा घसा बसतो. नव्या कोठारात तीन मजली घर उभं मावेल एवढी उंची, आणि जमीन ट्रकच्या फाळक्याला टेकेल अशी उचललेली, म्हणजे माल उचलायचा नाही, सरकवायचा.

नियोजन आलं, पण वऱ्हाड जेवून उठल्यावर. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) या गावांचं नियोजन 2007 साली सोपवलं गेलं, तोवर परवानगीविना बांधलेले गाळे पसरले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पाडकामाचे आदेश निघाले, गोदामं तरी वाढतच राहिली. एप्रिल 2023 मध्ये वळपाड्याला एक इमारत कोसळली आणि माणसं दगावली. खाली गोदाम होतं, वर कुटुंबं राहत होती. जागेचं नियोजन हा शब्द कोरडा वाटतो तेव्हा मला ही इमारत आठवते.

मालासाठी जागा आखणं मुंबईला जमतच नव्हतं असंही नाही. पोर्ट ट्रस्टची रेल्वे 1915 ला सुरू झाली, ती मालासाठीच. कॉटन ग्रीन हे स्टेशनाचं नावच कापसाच्या बाजाराचं आहे. गेल्या शतकात घाऊक बाजार तुर्भ्याला आणि लोखंडाचा कळंबोलीला नेला, तोही आखून. नंतर मात्र जमिनीच्या भावाने नजर बिघडली. वडाळ्याची जमीन ट्रक टर्मिनससाठी राखलेली, तिच्यावर पुढे व्यापारी संकुलाची योजना आली. ट्रकवाल्याला वांद्रे-कुर्ला संकुलाइतकं भाडं देता येत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि पार्सल तर शहरातच यायचं असतं. रात्री भिवंडीहून निघालेला माल कुठल्यातरी हबमध्ये पिनकोडप्रमाणे वेगळा होतो, सकाळी छोट्या टेम्पोत चढतो आणि शेवटी फुटपाथवर ओतला जातो. पोरं उकिडवी बसून पाकिटं जुळवतात, पाठीवर बॅगा चढवतात. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्यांनी इमारतींखालचे दुकानगाळे घेतले आहेत, बाहेर दुचाक्यांची झुंबड. आमच्या सोसायटीत व्यायामशाळा आहे, पण टेम्पो दहा मिनिटं उभा करायला जागा नाही. वॉचमनची केबिन हेच आमचं पोस्ट ऑफिस. तक्रार करणारे आम्हीच, मागवणारेही आम्हीच.

हा घोळ एकट्या मुंबईचा नाही. पॅरिसची पार्सल-केंद्रंही 1970 नंतरच्या दशकांत शहराबाहेर सरकत गेली, तेवढा गाड्यांचा फेरा वाढला. मग तिथे उलटा विचार झाला. उत्तर पॅरिसच्या अठराव्या विभागात रेल्वेच्या जुन्या जमिनीवर 2018 मध्ये शापेल इंटरनॅशनल उभं राहिलं. एकाच इमारतीत मालगाडीसाठी फलाट, टेम्पोंसाठी वितरण केंद्र, कार्यालयं, आणि छतावर खेळाची मैदानं नि भाजीचे वाफे. गोदाम म्हणजे शेजाऱ्यांना नकोसा पत्रा, हे समीकरण तिथे मोडलं. नुसत्या भाड्याच्या गणितावर असं काही उभं राहत नाही. शहराने जागा राखावी लागते.

राज्याने 2024 मध्ये लॉजिस्टिक धोरण आणलं. त्यात पनवेलजवळ आणि नागपूर-वर्धा भागात मोठी केंद्रं आहेत. ठीक आहे, पण ती पुन्हा गावाबाहेरचीच. मला हवी आहे ती प्रत्येक वॉर्डातली छोटी कोठी: मंडईच्या तळघरात, वाहनतळाच्या एका मजल्यावर, नाहीतर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. तुमच्या शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी येईल तेव्हा शाळा, उद्यान, दवाखान्याबरोबर एवढंही विचारा, की आमच्या वॉर्डात टेम्पो उभा कुठे राहणार आणि पार्सल उतरणार कुठे. अर्ज साध्या कागदावर चालतो.