यकृताची तक्रार वेळींच ऐकूं या

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्यें आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत गळूं लागले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी साबणास. पुढें विंचूदंशावरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांचें रक्त, लघवी व केस तपासविले, तेव्हां त्यांत सेलेनियम हें द्रव्य प्रमाणाबाहेर आढळलें. आणि त्यांनीं संशयाचें बोट रेशनच्या गव्हाकडे दाखविलें. डोळ्यांस न दिसणारें कारण शरीरानेंच सांगितलें.

औषधांपासून यकृतास होणाऱ्या इजेविषयींही शरीर असेंच बोलत असतें. फक्त तें ऐकण्याचें साधन हवें.

यकृत हें देहाचें स्वयंपाकघर. पोटांत गेलेलें बहुतेक औषध तेथें रूप पालटतें. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी घ्या. तिचा बराचसा भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे बाहेर पडतो; थोडा भाग मात्र विषारी बनतो. ग्लुटाथायोन नांवाचें यकृतांतील द्रव्य त्या विषाचा बंदोबस्त करतें. मात्रा अति झाली कीं हा सांठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवरच उलटतें.

दवाखान्यांत आज रक्तांतील यकृताचीं विकरें व बिलिरुबिन मोजतात. तीं परीक्षा उपयुक्त खरी. पण पेशी फुटल्यावरच हीं विकरें रक्तांत वाढतात. चोर घरांत शिरल्यावर कुत्रें भुंकावें, तसें हें झालें. म्हणून रक्त-लघवींतील चयापचयाचीं शेंकडों द्रव्यें एकाच वेळीं मोजून आधींच सूचना मिळते काय, याचा शोध चालू आहे. २००६ मध्यें जपानांतील केइओ विद्यापीठाच्या संशोधकांस असें दिसलें कीं, पॅरासिटामॉलनें उंदरांचें ग्लुटाथायोन घटूं लागतांच त्यांच्या रक्तांत ऑफ्थॅल्मिक आम्ल वाढतें. त्याच वर्षीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, औषध देण्यापूर्वींच्या मूत्रावरूनही कोणत्या उंदरास अधिक इजा होईल याचा कांहींसा अंदाज बांधतां येतो. ही विद्या अद्याप बव्हंशीं प्रयोगशाळेंतच आहे. गांवच्या दवाखान्यांत ती मिळेल अशी अपेक्षा कोणी धरूं नये.

परंतु तिचें मर्म घरोघरीं उपयोगी पडेल. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणींत औषधांनीं यकृत बिघडलेल्या १२८८ रुग्णांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या बाबतींत कारण क्षयावरील औषधें हें होतें. आयसोनियाझिड कांहींच्या देहांत मंद गतीनें पचतें; अशांस धोका अधिक. तथापि हीं औषधें प्राणरक्षक आहेत. तीं मनानें बंद करूं नयेत, डॉक्टरांस विचारूनच काय तें ठरवावें.

दुसरा दाखला ‘निरुपद्रवी’ काढ्याचा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळांत मुंबईंत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांस यकृताची इजा झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला; पण २०२२ मध्यें देशांतील अनेक रुग्णालयांनीं मिळून अशा ४३ रुग्णांची हकीगत मांडली. आम्ही वैद्यकाची निंदा करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, झाडपाल्याचें असो वा कारखान्याचें, औषध तें औषध.

एकत्र कुटुंबांत आजोबांची गोळी, मोठ्या वहिनींचा काढा आणि शेजारणीनें दिलेली पुडी एकाच फडताळांत नांदतात. डॉक्टरांपुढें मात्र आपण एकाचेंच नांव घेतों. हा संकोच टाकावा. घरांत कोण काय घेतो, तें एका वहींत टिपून ठेवावें व ती वही दाखवावी. भूक मरणें, मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा ही यकृताची तक्रार समजावी. ‘पित्त झालें असेल’ म्हणून दोन दिवस वाट पाहूं नये. शेगांवच्या रुग्णांचें कारण प्रयोगशाळेनें शोधलें. आपल्या माजघरांतील कारण आपली वहीच सांगेल.