स्टेशनापासून गावापर्यंत : उल्हास खोऱ्यातलं टपाल

१ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून थेट खोपोलीपर्यंत गेली. त्याच १८५४ सालच्या १ ऑक्टोबरला देशभर एकच टपालदर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला. त्याआधी दर अंतरावर ठरे. कलकत्ता ते मुंबई तोळ्याला रुपया पडे. टपालाचा इतिहास सांगताना या दोन घटनांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण उल्हास खोऱ्यातल्या माणसाला पुढचा प्रश्न पडायचा. स्टेशनात थैली उतरली, तिथून बारवी नदीकाठच्या पाड्यावर ती न्यायची कोणी? मुरबाडला तर रेल्वे आजही नाही. माझ्या मते टपालाचं खरं मोठेपण या शेवटच्या तीन-चार कोसांत आहे, आणि नेमकं त्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं गेलं.

पेशवाईत जासूद होते, पण ते दरबाराचे आणि सावकारांचे. कुळवाड्याचा निरोप जायचा तो वाटसरूबरोबर, नाहीतर यात्रेला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर. कंपनी सरकारने १७७४ मध्ये टपाल सर्वांना खुलं केलं, १७९४ मध्ये मुंबईचं मोठं पोस्ट उघडलं. तरी हा सगळा पसारा शहरांचा, बंदरांचा आणि छावण्यांचा होता.

गावाकडे वळलेली पहिली व्यवस्था म्हणजे जिल्हा डाक. तिचा मूळ हेतू जनतेची सोय हा नव्हताच. जिल्ह्याच्या ठाण्याहून तालुक्याच्या कचेरीला आणि पोलीस चौक्यांना हुकूम वेळेत पोहोचावेत, एवढ्यासाठी ती उभी राहिली. प्रांताप्रांतांत तिची रीत वेगळी, पण खर्च बहुधा स्थानिक करातून किंवा उपकरातून निघे. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या नावे वर्षातून एखादं पत्रही येत नसे, त्याच्याच पैशावर पायी टपाल नेणारा हलकारा धावत होता. हळूहळू त्याच थैलीतून खासगी पत्रं जाऊ लागली आणि सरकारी कागदांची वाट लोकांच्या कामाला आली. १९०६ पर्यंत ही जिल्हा डाक मुख्य टपाल खात्यात विलीन झाली.

हलकाऱ्याच्या हातात घुंगरं बांधलेला भाला असे. घुंगरांच्या आवाजाने जनावर बाजूला व्हावं, लोकांनी वाट मोकळी करावी. आणि वेळ आलीच तर भाला होताच. त्याचा टप्पा ठरलेला, टप्प्याच्या शेवटी थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जायची. आपल्याकडचा पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्याला या नोकरीचा अंदाज येईल. भातखाचरं तुडुंब, ओढे फुगलेले, उल्हास आणि बारवी काठ सोडून वाहणाऱ्या. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा मुलखात थैली डोक्यावर घेऊन पायी जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणून पाहा.

गावात पोस्ट चालवायला स्वतंत्र माणूस परवडत नसे. मग शाळामास्तर, दुकानदार, स्टेशनमास्तर अशांकडे ते काम जोडकाम म्हणून दिलं गेलं. यातला शाळामास्तर मला फार महत्त्वाचा वाटतो. पत्र उघडून वाचून दाखवणाराही तोच आणि उत्तर लिहून देणाराही बऱ्याचदा तोच. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर टपालाकडे आली, आणि टपालवाला दारात दिसला की घरातली बाई चूल सोडून बाहेर येऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांतला पैसा खेड्यात पोहोचला तो या वाटेने.

जिल्हा डाकेची एक वेगळी गोष्ट सिंधमध्ये घडली होती, आणि इथे उल्हासनगरचा धागा जुळतो. सिंध १८४७ ते १९३६ मुंबई इलाख्यात होता. तिथला कमिशनर बार्टल फ्रियर याने कराचीचा पोस्टमास्तर कॉफी याला हाताशी धरून हलकाऱ्यांच्या जागी घोडे आणि उंट लावले. जुलै १८५२ मध्ये ‘सिंद डाक’ची तिकिटं निघाली, किंमत अर्धा आणा. आशिया खंडातली ही पहिली चिकटवायची तिकिटं. त्यातलं लाल लाखेचं तिकीट इतकं ठिसूळ होतं की सहज तुटायचं. देशभराची तिकिटं आल्यावर १८५४ मध्ये ती बंद झाली. ही तिकिटं जिल्हा डाकेची होती, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. आशियातलं पहिलं तिकीट एका प्रांताच्या अंतर्गत टपालासाठी निघालं!

त्या सिंधमधून फाळणीनंतर सुमारे लाखभर माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, म्हणजे ‘कल्याण कॅम्प’मध्ये आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. गावात हलकाऱ्याला माणूस ठाऊक असे, वाट बिकट असे. इथे उलट झालं. स्टेशन जवळ, रस्ते सरळ, पण एकसारख्या बराकींच्या रांगांत कोण कुठे उतरलं हे कोणालाच ठाऊक नाही. गल्लीला नाव नाही, घराला पाटी नाही. मग बराकीचा नंबर आणि खोलीचा नंबर हाच पत्ता झाला. विखुरलेले भाऊ, मामा, व्यापारातले भागीदार या आकड्यांवरून एकमेकांना सापडले. बराकी पडून इमारती उभ्या राहिल्या, तरी पत्त्यात बॅरॅक नंबर आजही लिहिला जातो.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. उल्हासनगरचे पाच कॅम्प ४२१००१ ते ४२१००५ या क्रमांकांत बसले, अंबरनाथला ४२१५०१ मिळाला, मुरबाडला ४२१४०१. जुना टप्पा आता आकड्यात आला.

त्या जोडकाम करणाऱ्या शाळामास्तराचे वारस म्हणजे आजचे ग्रामीण डाक सेवक. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ पोस्टं होती, आज दीड लाखांहून अधिक आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. ती यांच्या जिवावर चालतात, तरीही त्यांना नियमित सरकारी नोकराचा दर्जा नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा.

आणि वाचकांना एक विनंती. ‘कल्याण कॅम्प’ असा पत्ता असलेलं पाकीट, बदलापूर-मुरबाडकडच्या गावाचा शिक्का असलेलं कार्ड, मनीऑर्डरची जुनी पावती घरातल्या ट्रंकेत असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत टाकू नका. त्यावरचा शिक्का आणि तारीख वाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे दोन ओळी लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.