ॲस्बेस्टॉसजन्य आजार आणि भरपाईच्या दायित्वाची विभागणी

ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात शिरल्यापासून आजार प्रकट होईपर्यंत बहुधा वीस ते चाळीस वर्षे लोटतात. तेवढ्या काळात कामगाराने दोन-तीन कारखाने बदललेले असतात. त्यांपैकी एखादा बंदही पडलेला असतो. मग भरपाईचा भार कोणी उचलावयाचा?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ३(२-अ) मध्ये याचे एक उत्तर होते. तिसऱ्या अनुसूचीच्या 'क' भागातील आजार अनेक मालकांकडील नोकरीत जडला असल्यास, आयुक्तांना न्याय्य वाटेल त्या प्रमाणात ते सर्व मालक भरपाईस जबाबदार ठरत. या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. तथापि विभागणीचे तत्त्व समजण्यासाठी हेच कलम पाहणे उचित ठरते. ॲस्बेस्टॉसिस 'क' भागात होता. त्याच धुळीमुळे होणारा कर्करोग व मेसोथेलिओमा मात्र 'ब' भागात होते आणि तेथे एकाच मालकाकडील सलग सहा महिन्यांच्या नोकरीची अट होती. म्हणजे अधिक घातक आजाराला विभागणीची ही तरतूद लागूच नव्हती.

बंद कंपनीचा हिस्सा कोणी द्यावा, याविषयी कलम मूक होते. खरी मेख येथेच आहे. ब्रिटनमध्ये 'बार्कर' खटल्यात (२००६) प्रत्येक कंपनीने आपापल्या हिश्श्यापुरतेच द्यावे, असे ठरले. बुडालेल्या कंपनीचा तोटा त्यामुळे रुग्णाच्या माथी आला. त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा करून मेसोथेलिओमाच्या रुग्णास कोणत्याही एका दोषी कंपनीकडून पूर्ण भरपाई मागण्याचा हक्क दिला; इतरांचा हिस्सा त्या कंपनीने नंतर वसूल करावा. ही धास्ती काल्पनिक नव्हती. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोशी संबंधित असलेला टर्नर अँड न्यूऑल हा ब्रिटिश उद्योग १९९८ मध्ये फेडरल-मोगलकडे गेला आणि २००१ मध्ये त्यांनी दिवाळखोरीचे संरक्षण मागितले.

राज्य विमा योजनेतील कामगाराबाबत हा वाद उद्भवत नसे. भरपाई महामंडळ देई आणि मालकावरील दावा कलम ५३ ने अडविलेला असे. परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. हंगामी कारखाने या योजनेतून वगळलेले होते, संहितेतही ते वगळलेलेच आहेत, आणि त्यांच्या व्याख्येत कापसाच्या जिनिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही 'क' भागातच होता. मानवत वा सेलू परिसरात हंगामागणिक जिनिंग बदलणाऱ्या मजुराचा दावा म्हणूनच ॲस्बेस्टॉस कामगारासारखाच, अनेक मालकांवरील दावा ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. प्रमाण ठरविण्यास आधार असतो तो अशा नोंदींचाच. तो आदेश ॲस्बेस्टॉसपुरता होता. जिनिंगमधील मजुराच्या कोणत्या हंगामाची हजेरी कोणाच्या वहीत आहे, हे आयुक्तांपुढे त्यालाच सिद्ध करावे लागते.