आजोबांच्या हाताला जमेल असा रिमोट

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वडिलांना बाहेर बाकावर बसवून ते आधी एकटेच आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, बाबांची स्मरणशक्ती एकदा तपासा. टीव्हीला लावायची नवी स्टिक आणली, दहा वेळा शिकवलं, तरी त्यांना जमत नाही. हल्ली तर टीव्ही लावतच नाहीत, नुसते बसून असतात."

मी आजोबांना तपासले. वार, तारीख, महिना त्यांनी अचूक सांगितला. लक्षात ठेवायला दिलेले तीनही शब्द पाच मिनिटांनी बरोबर आठवले. कागदावर घड्याळ काढायला सांगितले तेव्हा काटे योग्य जागी आले, मात्र रेघ थरथरत होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता आणि वीस वर्षांच्या मधुमेहाने बोटांच्या टोकांचा स्पर्श बोथट झाला होता. दुसऱ्या दिवशी मी तो रिमोट मागवून घेतला. काळ्या रंगावर काळीच बटणे, तीही बारीक आणि एकमेकांना चिकटलेली! दोष आजोबांच्या स्मरणशक्तीत नव्हता. पुन्हा पुन्हा विचारले की मुलगा चिडतो, म्हणून त्यांनी विचारणेच सोडले होते.

वाचकहो, पत्नीच्या पश्चात एकट्या राहिलेल्या माणसाला सायंकाळची बातमी, एखादे कीर्तन, क्रिकेटचा सामना हा दिवसाचा मोठा आधार असतो. तो आधार गेला की माणूस अबोल होतो, जेवण कमी होते, झोप बिघडते. म्हणूनच इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारे उपकरण निवडण्याचा विषय मला आरोग्याचाच वाटतो. ते घेताना 'सर्वांत नवे कोणते' असे न विचारता 'जे वापरणार आहेत त्यांच्या हाताला, डोळ्यांना आणि कानांना कोणते जमेल' असे विचारावे.

आधी शरीर, मग उपकरण

शक्य असेल तर दुकानात ज्येष्ठांना सोबत न्यावे आणि रिमोट त्यांच्या हातात द्यावा. हात थरथरत असेल तर एकच बटण दोनदा दाबले जाते. अशांना मोठी, सुटी, बोटाला जाणवणारी बटणे हवीत. कुठेही चुकले तरी मूळ पडद्यावर परत आणणारे 'होम' बटण ठळक असावे. ते एक बटण पाठ असले की भीती निम्मी कमी होते. टीव्ही सुरू करणे आणि आवाज कमीजास्त करणे याच रिमोटवरून जमत असेल, तर दोन रिमोटचा गोंधळ टळतो.

दृष्टी अधू असणाऱ्यांसाठी बहुतेक चांगल्या उपकरणांत 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा विभाग असतो. ठळक रंगभेदाची अक्षरे, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा आवाज अशा सोयी त्यात मिळतात. त्या पहिल्याच दिवशी सुरू करून द्याव्यात.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द कळत नाहीत. मग आवाज वाढवला जातो आणि घरात वाद होतात. यावर दोन उपाय आहेत : पडद्यावरील उपशीर्षके आणि ब्लूटूथवर जोडता येणारा हेडफोन. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते थेट जोडता येते का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

बोलून शोधण्याची सोय ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांना वरदान ठरते. मात्र पक्षाघातानंतर उच्चार अस्पष्ट झालेल्यांचे किंवा कवळी काढून ठेवलेल्यांचे बोलणे यंत्राला कळेलच असे नाही. मराठीत उच्चारलेले कार्यक्रमाचे नाव ते ओळखते का, हे दुकानातच पाहावे.

विश्वासार्ह म्हणजे काय?

तुमचा टीव्ही स्मार्ट असून त्यावरील ॲप्स नीट चालत असतील, तर वेगळ्या उपकरणाची गरजच नाही. टीव्ही चांगला आहे पण ॲप्स जुनी पडली आहेत, अशा वेळी नवा संच घेण्यापेक्षा स्टिक किंवा छोटा बॉक्स परवडतो. टीव्हीच्या मागे एचडीएमआय जोडणीची जागा आहे ना, एवढे आधी पाहावे.

उपकरण प्रमाणित असावे. ॲमेझॉनचे फायर टीव्ही, ॲपल टीव्ही, किंवा गुगलने प्रमाणित केलेले अँड्रॉइड टीव्ही अथवा गुगल टीव्ही प्रणालीचे उपकरण यांपैकी काहीही चालेल. 'सगळे चित्रपट आयुष्यभर फुकट' असे सांगून विकले जाणारे अनोळखी खोके मात्र टाळावेत. माझ्या आईसाठी मी स्वतः ही चूक केली होती. स्वस्तात घेतलेला तो खोका चार महिन्यांत बंद पडला आणि विक्रेता फोन उचलेना. नुकसान पैशांपुरतेच राहिले, हे नशीब. अशा काही उपकरणांत घातक प्रणाली आधीच भरलेली आढळली असून, अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. घरच्या ज्या वाय-फायवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच वाय-फायवर हे खोके बसतात, हे विसरू नये.

नेट आणि वीज

'यंत्र खराब आहे' या तक्रारीमागे पुष्कळदा नेट किंवा वीज असते. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार १०८० पिक्सेलच्या स्पष्ट चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. म्हणजे साध्या जोडणीवरही काम भागते. राउटर मात्र टीव्हीपासून फार दूर नसावा. मध्ये भिंती असतील तर वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा लांबवर पोहोचतो, जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ अधिक वेगवान ठरतो.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून न देता सोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच द्यावी. टीव्हीची यूएसबी अनेकदा पुरेशी वीज देत नाही आणि उपकरण मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. चित्र अडकलेच तर प्लग काढून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा लावावा. वायर चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नये. घरात पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो.

पैशांची काळजी

उपकरण सुरू करण्यासाठी वेगळे 'ॲक्टिव्हेशन शुल्क' भरण्याचा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. खोक्यावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच वापरावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. चुकून खरेदी होऊ नये म्हणून उपकरणात खरेदीसाठी पिन लावून ठेवावा. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे वाचण्याची शक्यता कमी.

शिकवणाऱ्यांसाठी

एका दिवशी एकच गोष्ट शिकवा. रिमोट स्वतःच्या हातात घेऊ नका. बटण त्यांनाच दाबू द्या. 'होम' बटणावर रंगीत टिकली चिकटवा आणि पाच पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावा. नको असलेली ॲप्स काढून टाका. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, म्हणजे झोपेची वेळ पाळली जाईल. अर्ध्या तासाने एकदा उठून घरात फेरी मारण्याची आठवणही द्या, विशेषतः पायांवर सूज येणाऱ्यांना.

एक सावधगिरी मात्र सांगतो. वर्षानुवर्षे वापरलेला जुना रिमोटही अचानक जमेनासा झाला, औषधांचा, पैशांचा किंवा गॅस बंद करण्याचा गोंधळ होऊ लागला, तर ते उपकरणावर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा. नवी वस्तू न जमणे वेगळे आणि सवयीची वस्तू विसरणे वेगळे.

त्या आजोबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मुलाने मोठ्या बटणांचा रिमोट आणला आणि 'होम'वर लाल टिकली चिकटवली. महिन्याने साखर तपासायला आले तेव्हा आजोबा एकटेच आत आले. कागद माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "साखर नंतर बघा डॉक्टर. कालचा सामना पाहिलात की नाही?"

मी पाहिला नव्हता. मग त्यांनीच मला तो पहिल्या षटकापासून सांगितला.