बीपीची गोळी, दुधाचा कप आणि तांबडी पेशी

अ‍ॅम्लोडिपिन ही ‘कॅल्शियम अडवणारी’ गोळी आहे असं कानावर आलं की काही घरांत दूध बंद होतं. हाडं ठिसूळ होतील या भीतीने कुणी गोळीच सोडतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

रक्तातलं कॅल्शियम वाढलं म्हणून बीपी वाढलं, असं बहुतेक रुग्णांत नसतं. (पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारात ते खरोखर वाढतं, पण तो आजार वेगळा.) प्रश्न आहे पेशीच्या आतल्या कॅल्शियमचा. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीत ते शिरलं की पेशी आकसते, वाहिनी अरुंद होते, दाब चढतो. अ‍ॅम्लोडिपिन हा शिरकाव कमी करतं. दुधातलं कॅल्शियम आतड्यात शोषलं जातं, हाडांत साठतं, त्याच्या आड ही गोळी येत नाही.

‘तांबड्या पेशींतल्या बिघाडामुळे बीपी होतं’ हा समज मात्र खऱ्या संशोधनाच्या अर्धवट वाचनातून आला आहे. तांबड्या पेशीत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या प्लाझ्मापेक्षा दहा हजार पटींहूनही कमी असतं. हा फरक राखणारा, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून कॅल्शियम बाहेर फेकणारा पंप हान्स शात्समान यांनी 1966 मध्ये याच पेशींत दाखवला. आत कॅल्शियम वाढलं की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि ते प्रथिन पंपाचा वेग वाढवतं. किती नेटकी व्यवस्था! पंप कमी पडून आत कॅल्शियम साचलं तर पोटॅशियम बाहेर झिरपतं (कॅल्शियममुळे होणारी ही गळती ग्यॉर्गी गार्डोश यांनी 1958 मध्येच दाखवली होती), मागोमाग पाणी जातं आणि पेशी आक्रसून ताठर होते.

जिवंत रुग्णाच्या धमनीचा तुकडा सहजासहजी कापून घेता येत नाही, थोडं रक्त घेता येतं. म्हणून संशोधकांनी बीपीच्या रुग्णांच्या तांबड्या पेशी तपासल्या. काहींना पंप मंद आढळला, काहींना फरकच दिसला नाही. म्हणजे ही पेशी धमनीत काय चाललं असेल याचा अंदाज घेण्याचं साधन होती. ती दोषी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. 2009 मध्ये हजारो लोकांच्या जनुकीय पाहणीत रक्तदाबाशी जोडलेलं एटीपी2बी1 हे जनुक पुढे आलं. ते याच कुळातल्या पंपाचं आहे. उंदरांच्या धमन्यांच्या स्नायूंतून ते काढल्यावर त्यांचा दाब वाढला. माणसांत मात्र अशा एकेका जनुकीय फरकाचा वाटा फार लहान असतो. त्यामुळे निदानासाठी तांबड्या पेशींतलं कॅल्शियम मोजत नाहीत. दंडाला पट्टा बांधून नीट मोजलेलं बीपीच लागतं.

गरोदर बाईला ‘बीपी वाढेल’ म्हणून कॅल्शियम नाकारणं तर अगदी उलट आहे. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या गर्भवतींना जागतिक आरोग्य संघटना रोज 1.5 ते 2 ग्रॅम कॅल्शियम सुचवते, ते गरोदरपणातल्या घातक रक्तदाबाचा, प्रीएक्लाम्प्सियाचा, धोका कमी व्हावा म्हणूनच.